प्रकल्प नोंदी : दोन दीर्घिका, तारे आणि वायू

१४ जुलै २०२५, सोमवार

एम.एस्सी.च्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आज नक्की झाला. अर्जावर आम्ही दोघांनी ‘दीर्घिकांची टक्कर : संगणकीय अभ्यास’ असे लिहून नेले होते. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ‘टक्कर’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि “कोणाची कोणाशी, ते आधी सांगा,” एवढे बोलून कागद परत दिला. दोन दीर्घिकांची, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही, कारण दीर्घिका ही एकसंध वस्तू नाही. तिच्यात तारे आहेत, ताऱ्यांमधल्या पोकळीत पसरलेला वायू आहे, धूळ आहे आणि या सर्वांहून कितीतरी जड असे न दिसणारे कृष्णद्रव्य आहे. यांपैकी कोण कोणावर आदळते याचा हिशेब पुढच्या भेटीला करून न्यायचा आहे. ही नोंदवही आजपासून नियमित लिहायची असे ठरले असून लिखाणाचे काम माझ्याकडे आले आहे. सहाध्यायीचे अक्षर तिचे तिलाच लागत नाही.

२२ जुलै २०२५, मंगळवार

हिशेब झाला. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे आणि त्याला सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर, म्हणजे साधारण ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. सूर्याला चार मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा मानले, तर शेजारचा दाणा सुमारे ११५ किलोमीटरवर पडतो. म्हणजे एक दाणा पुण्यात आणि दुसरा साताऱ्यात, आणि मधल्या सगळ्या रस्त्यावर काहीही नाही. अशा दाण्यांचा एक थर दुसऱ्या थरातून आरपार गेला, तर दाण्यावर दाणा बसेल का?

आपल्या परिसरातली ताऱ्यांची घनता धरून मी एका ताऱ्याचा मुक्त पथ, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यावर आदळण्यापूर्वी तो सरासरी किती अंतर जाईल ते, काढले. उत्तर ५ वर पंधरा शून्ये इतकी प्रकाशवर्षे आले. आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षे आणि जाडी सुमारे १,००० प्रकाशवर्षे आहे. ताऱ्यांच्या परस्पर आकर्षणामुळे आदळण्याची शक्यता काहीशी वाढते, तो गुणकही धरला. तरीही १०,००० कोटी ताऱ्यांची दीर्घिका दुसरीच्या तबकडीतून सरळ पार गेली, तर होणाऱ्या टकरींची सरासरी संख्या एकापेक्षा कमीच राहते. केंद्राजवळ ताऱ्यांची दाटी जास्त असते, त्यामुळे तिथे हा आकडा लागू नाही, हे सहाध्यायीने लक्षात आणून दिले आणि ते बरोबर आहे.

वायूचा हिशेब मात्र उलट निघाला. तबकडीत सरासरी एका घन सेंटिमीटरला एक अणू एवढी विरळ घनता धरली, तरी अणूचा मुक्त पथ प्रकाशवर्षाच्या हजाराव्या भागाएवढाच येतो. मोठे रेणुमेघ, म्हणजे रेणुरूप वायूचे थंड, दाट ढग, तर शंभर-शंभर प्रकाशवर्षे रुंद असतात. ज्वारीच्या मापात सांगायचे तर २,७०० किलोमीटर रुंदीचा ढग, म्हणजे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी. दोन ज्वारीचे दाणे एकमेकांना चुकवू शकतात, पण असे दोन ढग कसे चुकवणार? मॅडमनी हिशेब तपासला आणि “आता वायूचे पुढे काय होते ते बघा,” असे सांगितले. (पुढची भर नंतरची.) या दिवशी मला वाटले होते की उत्तर हाती आले आहे : तारे निसटतात, वायू आदळतो. ही समजूत तीन महिन्यांनी दुरुस्त करावी लागली, म्हणून ती इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

सुरुवात जुन्या पद्धतीने करायची असे ठरले होते. एस्टोनियात जन्मलेले अ‍ॅलर आणि युरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये एक अत्यंत काटकसरीचे प्रतिमान मांडले. त्यात दीर्घिकेचे सारे वस्तुमान एका बिंदूत ठेवायचे, त्याभोवती वस्तुमानशून्य कणांची कडी फिरवायची आणि दुसरा जड बिंदू जवळून जाऊ द्यायचा. आम्ही पायथॉनमध्ये तेच केले. कण २,०००, स्थान आणि वेग आळीपाळीने पुढे नेणारी लीपफ्रॉग पद्धत, यंत्र माझा जुना लॅपटॉप. संध्याकाळी नदीपात्रातून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज येत होता आणि पडद्यावर पाहुणा बिंदू जवळ येत होता.

पाहुणा निघून गेल्यावर जवळच्या बाजूचे कण त्याच्याकडे ओढले जाऊन पूल झाला, तर पलीकडच्या बाजूचे कण मागे राहून लांब, बारीक शेपटी झाली. हे भरती-ओहोटीचेच बल आहे. ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे सगळा प्रताप अगदी जवळच्या भेटीच्या अल्प काळात होतो आणि नंतर कण केवळ आपापल्या गतीने पसरत जातात. पाहुण्याची दिशा तबकडीच्या फिरण्याच्या उलट केली, तेव्हा शेपटी जवळजवळ निघालीच नाही. सरळ भेटीत तबकडीचे कण आणि पाहुणा काही काळ बरोबरीने फिरतात आणि ओढ एकाच दिशेने साचत जाते. उलट भेटीत ती पुसली जाते. टूमरे बंधूंच्या आधी एवढ्या रेखीव शेपट्या केवळ गुरुत्वाने होतात हे अनेकांना पटत नसे. लॅपटॉपवर दहा मिनिटांत ते पटते.

त्याहूनही जुना एक प्रयोग वाचनात आला. स्वीडनचे एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये, संगणक नसताना, प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ असे एकूण ७४ विजेचे दिवे मांडले. प्रकाश आणि गुरुत्व दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात, म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी चारी दिशांनी येणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटाने मोजला की तिथले गुरुत्व कळते. मग हिशेबाप्रमाणे दिवे थोडे सरकवायचे आणि पुन्हा मोजायचे. आमच्या २,००० कणांचा अभिमान हे वाचून बराच कमी झाला.

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

कणांना वस्तुमान दिल्याबरोबर घोटाळा झाला. दोन कण फार जवळ आले की बल अवाच्या सवा वाढते आणि एखादा कण गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. एकूण ऊर्जा टिकत नाही. ठरावीक अंतराच्या आत बल सौम्य करण्याची नेहमीची युक्ती वापरल्यावर ऊर्जेतील चूक एक टक्क्याच्या आत आली. आपला एक कण म्हणजे एक तारा नसून लाखो ताऱ्यांचा प्रतिनिधी आहे, त्यामुळे हे सौम्य करणे लबाडी नाही. बाकी काम नाही.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपतीची सुट्टी संपली. विभागातल्या सोळा गाभ्यांच्या संगणकावर गॅजेट-२ ही गुरुत्वाचे आणि वायूचे गणित करणारी, फोल्कर स्प्रिंगेल यांची सर्वांसाठी खुली असलेली प्रणाली बसवली. टक्कर लावण्याआधी एक दीर्घिका एकटी सोडून पाहा, असा मॅडमचा आग्रह होता आणि तो किती योग्य होता हे लगेच कळले. आमची तबकडी कोणीही न छेडता नासलेल्या दुधासारखी फाटली आणि तिच्यात गुठळ्या झाल्या. कारण सोपे निघाले. ताऱ्यांच्या स्वैर गती आम्ही फार कमी ठेवल्या होत्या. तबकडी टिकण्यासाठी या गती किमान किती हव्यात याची अट अ‍ॅलर टूमरे यांनीच १९६४ मध्ये दिली आहे. त्यांच्या नावाचा निर्देशांक एकच्या खाली गेला की तबकडी तुटते. तो दीडच्या आसपास ठेवल्यावर ती शांतपणे फिरत राहिली. आधी टक्कर लावली असती, तर या गुठळ्या आम्ही टकरीच्याच खात्यात टाकल्या असत्या.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

फक्त तारे आणि कृष्णद्रव्य असलेल्या दोन दीर्घिकांची पहिली पूर्ण भेट झाली. अपेक्षा अशी होती की तारे एकमेकांना शिवत नसतील, तर दोन्ही दीर्घिका आरपार जाऊन आपल्या वाटेने निघून जातील. त्या आरपार गेल्या खऱ्या; पण काही काळाने मंदावल्या, वळल्या आणि परत आल्या. काहीही न आदळता गती गेली कुठे?

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये याचे उत्तर दिले आहे. जड वस्तू हलक्या कणांच्या गर्दीतून जाते तेव्हा ती त्यांना आपल्याकडे ओढते, तिच्या पाठीमागे कणांची दाटी होते आणि ती दाटी तिला मागे खेचते. याला गतिकीय घर्षण म्हणतात, पण यात स्पर्श कुठेच नाही. दीर्घिकेच्या कक्षेतली ऊर्जा अशा रीतीने कृष्णद्रव्याच्या आणि ताऱ्यांच्या स्वैर गतींत मुरते. शेवटी दोन्ही तबकड्या मोडून एक गोलसर, लंबवर्तुळाकार पुंजका उरला. गुरुत्वक्षेत्रच झपाट्याने बदलत असल्यामुळे प्रत्येक ताऱ्याची ऊर्जा बदलते आणि कक्षा ढवळल्या जातात. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६७ मध्ये मांडलेली हीच ती प्रक्रिया. ताऱ्यांना ही मिळालेली स्वैर गती उत्सर्जित करून टाकण्याचा मार्ग नाही. ढवळले गेले ते ढवळलेलेच राहतात.

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

आता वायू. त्याआधी तुलनेसाठी खरी दीर्घिका निवडायची होती. आम्ही एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही जोडी घेतली. तिच्या दोन लांब शेपट्या कीटकाच्या स्पर्शिकांसारख्या दिसतात म्हणून तिला अँटेनी म्हणतात. विल्यम हर्शेल यांनी ती १७८५ मध्ये पाहिली. ती साधारण ७ कोटी प्रकाशवर्षे दूर असून आपल्या हस्त नक्षत्राच्या तारकासमूहाजवळ आहे. परवाच सूर्य हस्तात आला आणि सोसायटीच्या अंगणात भोंडल्याचा हत्ती मांडला गेला. म्हणजे ही जोडी सध्या भर दिवसा डोक्यावरून जाते आहे आणि दिसण्याची मुळीच सोय नाही. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पाहता येईल, तोपर्यंत छायाचित्रांवर भागवायचे.

हबल अवकाश दुर्बिणीच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात या जोडीत हजाराहून अधिक तेजस्वी तरुण तारकागुच्छ मोजले गेले. मात्र सर्वांत जोरदार तारकानिर्मिती दृश्य प्रकाशात उठून दिसत नाही. ती दोन्ही तबकड्या एकमेकींवर चढलेल्या भागात, धुळीच्या आड आहे. युरोपच्या आयएसओ या अवरक्त दुर्बिणीने ती १९९० च्या दशकात उघड केली. दोन वायूंची टक्कर आणि तिथेच नवे तारे, हे आमच्या जुलैतल्या समजुतीला अगदी सोयीचे होते.

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

वायूसह पहिली धाव, म्हणजे संगणकावरची गणिताची पूर्ण फेरी, चार दिवसांनी संपली आणि निकाल पाहून दोघेही गोंधळलो. वायू केंद्रात पडण्याऐवजी फुगला आणि ताऱ्यांच्या बाहेर मोठ्या गोळ्यासारखा पसरून बसला. कुठेही दाटी नाही, मग तारे जन्मणार कसे?

दुपारभर शोधल्यावर कारण मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रणाली कोणत्या पर्यायांसह बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, सापडले. गॅजेट-२ च्या खुल्या आवृत्तीत वायू थंड होण्याचे गणित नसते, म्हणून वायूचे तापमान १०,००० केल्व्हिनवर बांधून ठेवायचे असे ठरले होते. त्यासाठी एका ओळीच्या सुरुवातीचे हॅशचे चिन्ह खोडायचे असते. ते खोडायचे राहिले. परिणामी सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या वेगाने आदळलेला वायू आघात-तरंगांत लाखो अंशांपर्यंत तापला आणि त्याला ती उष्णता टाकण्याचा मार्गच उरला नाही. असा वायू ताऱ्यांसारखाच वागतो, मिळालेली ऊर्जा धरून बसतो. खरा दाट वायू मात्र तापला की किरणांवाटे ती उष्णता लवकरच अवकाशात सोडून देतो. वायूचे वेगळेपण केवळ आदळण्यात नाही, आदळल्यानंतर निवण्यात आहे. एका चिन्हाच्या चुकीने चार दिवस गेले, पण हे पुस्तकातून इतके ठसले नसते. ही धाव पुसायची नाही, असे दोघांनी ठरवले.

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

दुरुस्त धाव झाली. मधे एकदा वीज गेली, यूपीएसने दगा दिला आणि शेवटच्या साठवणीपासून पुन्हा सुरू करावे लागले. या वेळी पहिल्या भेटीनंतर काही काळातच वायू आत सरकू लागला आणि दोन्ही केंद्रे एक झाल्यावर निम्म्याहून अधिक वायू केंद्रापासून हजार-दीड हजार प्रकाशवर्षांच्या आत गोळा झाला.

मी मॅडमना स्पष्टीकरण दिले : दोन दीर्घिकांचे वायू समोरासमोर आदळले, त्यांची गती परस्परांत नाहीशी झाली आणि म्हणून वायू खाली पडला. त्यांनी शांतपणे विचारले, “एका दीर्घिकेतला वायू काढून घेतला, तर दुसरीतला पडणार नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?” मी हो म्हणालो. “मग करून पाहा.”

३० ऑक्टोबर २०२५, गुरुवार

दिवाळीत संगणक रिकामा होता, त्यामुळे धाव अखंड झाली. एका दीर्घिकेत वायू होता, दुसरीत फक्त तारे आणि कृष्णद्रव्य. आदळायला समोर वायूच नाही, तरीही वायू आत पडला. माझे स्पष्टीकरण संपले.

मग प्रत्येक टप्प्यावर वायूवर फिरवणारे बल कोण लावते ते वेगळे काढले. पाहुण्या दीर्घिकेचा वाटा अनपेक्षितपणे थोडा निघाला. मोठा वाटा वायूच्या स्वतःच्याच दीर्घिकेतल्या ताऱ्यांचा होता. घडते ते असे. पाहुणा जवळून गेला की तबकडीची सममिती मोडते आणि मधल्या ताऱ्यांचा एक लांबट दांडा तयार होतो. वायूचाही दांडा होतो. पण ताऱ्यांच्या कक्षा एकमेकींना छेदू शकतात, वायूच्या प्रवाहांना ते जमत नाही. ते स्वतःवरच आदळतात, निवतात आणि त्यांचा दांडा ताऱ्यांच्या दांड्याच्या काही अंश पुढे सरकलेला राहतो. मागे राहिलेला ताऱ्यांचा दांडा पुढच्या वायूला सतत मागे खेचतो. वायूचा कोनीय संवेग, म्हणजे त्याला केंद्राभोवती फिरत ठेवणारा फिरण्याचा जोर, ताऱ्यांकडे जातो आणि कोनीय संवेग गेलेला वायू केंद्राकडे ढासळतो. आम्ही दोन्ही दांड्यांचे कोन काळाबरोबर आलेखात मांडले. वायूची रेघ कित्येक कोटी वर्षे ताऱ्यांच्या रेघेच्या वर राहते आणि नेमकी त्याच काळात वायूच्या कोनीय संवेगाची रेघ खाली कोसळते. जोशुआ बार्न्स आणि लार्स हर्नक्विस्ट यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवले होते. ते मी जुलैत वाचलेही होते, पण वाचणे आणि समजणे यात तीन महिन्यांचे अंतर पडले.

म्हणजे केंद्राकडे जाणारा वायू दुसरीच्या वायूवर आदळतो त्यापेक्षा अधिक स्वतःवर आदळतो. मग दोन वायू खरोखर समोरासमोर आदळले तर काय होते? अँटेनीच्या चढलेल्या भागात तारे जन्मतात. पण यूजीसी १२९१४ आणि १२९१५ या जोडीत वेगळेच दिसते. त्यांच्या तबकड्या एकमेकींतून आरपार गेल्या, तारे आपापल्या दीर्घिकेबरोबर पुढे निघून गेले आणि आदळलेला वायू मध्येच अडकून राहिला. पाकाची तार ओढावी तसा दिसणारा हा पूल भरपूर वायू असूनही नव्या ताऱ्यांच्या बाबतीत उदासच आहे, कारण त्या धक्क्याने वायू इतका घुसळला गेला आहे की तो सहजासहजी आकसत नाही. नुसते आदळणे पुरत नाही, हे मला आता पटले आहे.

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

दोन गोष्टी तपासल्या. पहिली थोडक्यात : दीर्घिकेला मध्यभागी ताऱ्यांचा भरीव फुगवटा दिला, तर पहिल्या भेटीत दांडा नीट बनत नाही आणि वायू तबकडीतच थांबतो, मग दोन्ही केंद्रे एक होताना तो एकदम कोसळतो. मिहोस आणि हर्नक्विस्ट यांच्या १९९६ च्या निष्कर्षाशी हे जुळते.

दुसरी गोष्ट मला अधिक आवडली. सगळा वायू आत जात नाही. तबकडीच्या कडेचा वायू ताऱ्यांबरोबरच शेपटीत फेकला जातो. दाट रेणुवायू केंद्रात आणि विरळ अणुरूप हायड्रोजन शेपट्यांत, अशी वाटणी खऱ्या जोड्यांतही रेडिओ दुर्बिणींना दिसते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झवर, अतिक्षीण संदेश सोडतो. गेल्या विज्ञान दिनी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो, तेव्हा ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस तबकड्या मला एक अभियांत्रिकी चमत्कार म्हणूनच आवडल्या होत्या. दृश्य छायाचित्रात जिथे काळे आकाश असते, तिथे अशा दुर्बिणीला शेपटीचा वायू आणि त्याचा वेगही कळतो, हे तेव्हा कोणीतरी सांगितले असणार. माझे लक्ष वडापावच्या गाडीकडे होते.

आमच्या धावेत शेपटीच्या मुळाकडचा वायू परत फिरू लागला आहे आणि टोकाकडचा अजून लांबच चालला आहे.

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

तारकानिर्मिती आमच्या प्रणालीत नाही, म्हणून ती वायूच्या पृष्ठघनतेवरून, म्हणजे तबकडीच्या दर चौरस भागात किती वायू आहे त्यावरून, अंदाजाने काढली. केनिकट यांच्या १९९८ च्या नियमानुसार घनता दहापट झाली की निर्मितीचा दर सुमारे २५ पट होतो. केंद्रातली घनता पाहता दर कडाडून वाढणार हे उघड आहे. आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांएवढे वस्तुमान ताऱ्यांत रूपांतरित होते. २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आर्प २२० या जवळपास एकरूप झालेल्या जोडीत तोच आकडा दोनशेच्या घरात आहे. तिची दोन केंद्रे अवघ्या १,२०० प्रकाशवर्षांवर आली असून जवळजवळ सारा प्रकाश धुळीत शोषला जाऊन अवरक्त रूपात बाहेर पडतो. नव्या ताऱ्यांचे वारे आणि स्फोट वायूला परत बाहेर ढकलतात, तो भाग आमच्या गणितात नाही. अहवालात हे पहिल्याच पानावर लिहायचे आहे.

तोंडी परीक्षेत आकाशगंगा आणि तिच्या शेजारची देवयानी दीर्घिका यांच्या टकरीबद्दल विचारतीलच. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवरून सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येत आहे. सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर ठरलेली, असे २०१२ पासून सर्वत्र लिहिले जाते. पण यंदा जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता जवळपास निम्मीच निघाली आहे. उत्तर देताना ‘होणार’ असे म्हणायचे नाही, ‘होऊ शकेल’ असे म्हणायचे, एवढे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

शीर्षक बदलून ‘दीर्घिकांच्या निकट भेटीत वायूचा कोनीय संवेग’ असे केले. मॅडमनी या वेळी कशाखालीच रेघ ओढली नाही. फक्त शेपटीतला वायू पूर्ण परतेपर्यंत धाव लांबवा, असे सांगितले. आणखी १०० कोटी वर्षांसाठी दुपारी तीन वाजता संगणक सुरू केला आहे. मेकफाइल दोघांनी वेगवेगळी तपासली. मंगळवारी रात्रीपर्यंत धाव संपावी.